पूज्यं संपली तेव्हा

सोळा होती. दुपारी मीच मोजून घेतली,
सुतारकामाच्या वर्गातल्या पोरांनी
पत्र्यावर पांढऱ्या रंगाने काढलेली सोळा पूज्यं,
प्रत्येकाच्या डोक्याशी खिळ्यापुरतं भोक.
सात डावांची चौदा, वर दोन.
ईस्ट आणि वेस्टच्या मॅचला
याहून जास्त कधी लागली नव्हती.

माझी जागा सेंटरफील्डच्या मागे, फळ्यांच्या मचाणावर.
समोर हातभर झरोका.
तिथून होम प्लेट काडेपेटीएवढी,
आणि सगळं आधी दिसतं, मग ऐकू येतं.
बॅट फिरून खांद्यामागे गेलेली असते
तेव्हा कुठे टक्क पोचतं माझ्यापर्यंत.
बावीस वर्षांत कानाला सवय झाली.

नदीच्या त्या काठाला माझं माहेर, या काठाला सासर.
दोन्ही घरी थँक्सगिव्हिंगला
कुणी मीठ मागितलं तरी मॅच निघते.
म्हणूनच तुला तिथे चढवलंय, लोर्ना, असं डेलबर्ट म्हणायचा;
फळीमागच्या बाईला बाजू नसते.

त्या दिवशी ह्युरॉन सरोवरावरून असा वारा
की मे महिना नुसता कॅलेंडरात.
ईस्टचा टादेओ व्हियारियल
दर बॉलाआधी बोटांवर फुंकर मारी.
वेस्टचा ड्रॉझ्डॉव्स्की, ज्याला शाळेत
कुणी बोलताना ऐकलेलं नाही,
तो फक्त टोपी खाली ओढी.
पोरं येत, उभी राहत, बॅट घासत परत जात.
मी शिडी चढायची. एक पूज्य. उतरायची.
चढायची. एक पूज्य.
भोपळा फुटेना,
ना यांचा, ना त्यांचा.

पाचव्यात एकदा वाटलं.
एथरिजने मारलेला बॉल सरळ माझ्याच रोखाने,
मोठा मोठा होत,
मी एकचा पत्रा हातातसुद्धा घेतला.
(काय कोरा असतो एकचा पत्रा!
पूज्यांचा रंग हाताळून उडालाय.)
वाऱ्याने तो हवेतच धरला थोडा,
आणि झरोक्याखाली कुणाच्या तरी ग्लव्हमध्ये सोडला.
मी एक परत ठेवला,
उगाच चोरी पकडल्यासारखी.

आठव्यात सोळावं गेलं.
नवव्याला रंगाच्या डब्याचं झाकण,
आणि खालच्या रांगेत
माझी पायची थाळी, चेरीचे डाग पुसून.
कुणी हसलं नाही. कुणी वर पाहतच नव्हतं.
दहाव्याला मी खाली उतरून
डेलबर्टच्या जुन्या पिकअपची चाकटोपी काढून आणली.
उजेड पिवळा पडत चालला होता,
मैदानाला दिवे नाहीत,
अम्पायर सारखा आकाशाकडे पाही, मग घड्याळाकडे.
पुढच्या पूज्याला काय टांगायचं
याचा मी विचार करत होते. बुटाचा तळ?

मग एथरिज तिसऱ्या बेसवर,
आणि ड्रॉझ्डॉव्स्कीचा एक बॉल
मातीत टप्पा खाऊन
ऑगी प्रेलच्या ग्लव्हखालून गेला.
ऑगी, माझ्या बहिणीचा नातू. दहा डाव
ते गुडघे टेकून बसलेलं पोर.
मुखवटा फेकून तो वळला,
चुकीच्या बाजूला वळला,
जाळीशी बॉल, मधे धूळ, एथरिज घसरत आलेला,
हे सगळं मला दिसलं
आणि आवाज अजून यायचा होता.
पापणी लवावी एवढाच वेळ,
पण तेवढ्यात कुणी जिंकलं नव्हतं,
ऑगी अजून बॉल शोधत होता
आणि नदीला दोन काठ आहेत
हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं.
मग आला आवाज.

एक लावायला मी किती वेळ घेतला
ते डेलबर्ट असता तर सांगत बसला असता.

चाकटोपी परत बसवली.
झाकणाला आता डबा सापडत नाही.
थाळीला मात्र खिळ्याचं भोक राहिलं ते राहिलंच.
ऑगी जेवायला आला की तीच काढते,
ओव्हनमध्ये खाली कागद घालून,
तरी रस गळतो.
तो विचारत नाही.
दुसरा तुकडा मागतो.