बोट पुन्हा ठेवा

दर नोव्हेंबरात मी जिवंत असल्याचं
महापालिकेत जाऊन सांगावं लागतं.
तोंडी चालत नाही.
भूदेवी आदल्या रात्रीच पिशवी भरते:
पासबुक, आधार, पेन्शनचे कागद,
वर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी.
रांग कुठवर जाईल, काय सांगावं.

यंदा खिडकीत हत्तुरेंचा पोरगा होता.
"काका, बोट ठेवा."
ठेवलं.
"पुन्हा ठेवा."
अंगठा झाला, तर्जनी झाली, डावा हात झाला,
शर्टाला पुसून, थुंकी लावून,
शेवटी त्यानं आपल्या बाटलीतलं पाणी ओतलं.
यंत्र लाल दिवा लावून बसलेलं.
लाल दिव्याशी माझी जुनी ओळख,
पण आमचा निदान फिरायचा तरी.

त्याला काय सांगू,
सुताला आग लागते तेव्हा आधी ज्वाळा नसते.
गठ्ठ्याच्या पोटात धुमसत राहतं,
वरून टॉवेल पांढरेशुभ्र,
हात लावल्यावर कळतं.
अक्कलकोट रोडला त्या पहाटे शटर अर्ध्यात अडकलेलं,
आतून कुणीतरी पाणी मागत होतं तेलुगूत,
माझ्या आईच्या भाषेत.
गाडीवर हातमोज्यांची धड जोडी एकच,
ती रियाज शेतसंदीच्या हातात,
पाइप घेऊन तो पुढं होता.
मी शटर उचललं.
सोडताना बोटं सुटेनात.
ठसे पाहिजेत तर तिथं आहेत, बाळ,
तुझं यंत्र तिथवर ने.

मग सिव्हिलला बोर्डासमोर बसवलं.
डॉक्टरांनी कंपासपेटीतल्यासारखं काहीतरी काढून
माझ्या बोटांचे कोन मोजले.
"पाइप धरता येतो?"
नाही.
"चहाचा कप?"
आता खोटं कशाला बोलायचं. येतो.
अडतीस टक्के.
चाळीसला काहीतरी मिळणार होतं म्हणे,
अडतीसला कंट्रोल रूमची खुर्ची मिळाली.
अकरा वर्षं फोन उचलला,
पत्ता सांगा, आत कोण आहे, आधी बाहेर या,
आणि गाडी माझ्याशिवाय निघून जायची,
घंटा सात रस्त्यापर्यंत ऐकू यायची.
रियाजचं बोर्ड कधी बसलंच नाही.
दुसऱ्याच एका गोदामाचं छत
त्याचे एकदम शंभर करून गेलं.
त्याची बायको दोन माणसं सोडून पुढं उभी होती रांगेत,
तिचं बोट पहिल्या झटक्यात लागलं.

हत्तुरेंच्या पोराला घाम फुटला होता.
पोरगा चांगला आहे.
म्हणाला, "मशीनच गंडलंय बहुतेक.
काकू, तुम्ही ठेवून बघा बरं."
भूदेवीनं पदराला हात पुसला, ठेवला.
लाल.
दुसरं बोट. लाल.
तिला कुठली आग लागली नव्हती.
नवव्या वर्षापासून विड्या वळते ती,
सुपात पान, पानात तंबाखू, वर दोऱ्याचा फास,
दिवसाला हजार,
तेंदूच्या पानानं रोज थोडं थोडं पुसून नेलं
आणि आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही.
पोरानं मग स्वतःचं बोट ठेवलं.
हिरवा.
"मशीन चांगलं आहे," तो म्हणाला, आणि खाली बघू लागला.

मी हिशेब करत होतो.
माझ्यामागं तिला पेन्शन यायची,
पूर्ण नाही, पण यायची.
त्यासाठी ती याच खिडकीशी येणार,
पिशवी तिची तिनंच भरणार,
आणि तेव्हा हा पोरगा बदली होऊन गेलेला असणार.

"डोळ्याचं यंत्र वर आहे, पण सोमवारी चालू होईल."
बरं म्हणालो. सोमवारपर्यंत जगायला हरकत नाही.

बाहेर लिंबाखाली बसलो.
नोव्हेंबर म्हणायचा, पण ऊन सोलापूरचंच.
भूदेवीनं भाकरी मोडून माझ्यापुढं केली.
कडक भाकरी मला मोडत नाही,
हे बोर्डानं विचारलं नव्हतं.