आनंदवलीपर्यंतचं तिकीट

चार वर्षं मी आनंदवलीचं तिकीट काढत आलो.
घर गंगापूर गावात.
मधलं अंतर पायी.

कारण एवढंच, की आ-ला दार नसतं,
तोंड उघडलं की तो बाहेर येऊन उभा.
ग-ला असतं. जिभेच्या मुळाशी,
आतून कडी लावलेलं.
आणि माझं नाव गोरक्ष,
आडनाव गांगुर्डे.
थट्टा करावी, पण इतकी?

बारावीच्या तोंडी परीक्षेत गप्प बसलो.
अंबडच्या कंपनीत गेटवरच्या वॉचमनला
नाव सांगता येईना, म्हणून
नंतर येतो म्हणालो
आणि नंतर गेलोच नाही.
मग फोन उचलणं सोडलं.
मग दुपारी उठू लागलो.
आई शेजाऱ्यांना सांगायची,
त्याची नाइट असते.

पंचवटी कारंजाजवळ, दवाखान्याच्या वर
एक खोली आहे. मंगळवार, शुक्रवार, चार ते सहा.
बारा खुर्च्या, त्यातली एक डुगडुगते,
उशिरा येईल त्याला ती.
फळ्यावर कुणीतरी कधीतरी लिहिलेला आत्मविश्वास,
मधला श्व पाठीला लागून पुसलेला.

बबन पगारे, भरतीत सोळाशे मीटरला
चार सेकंदांनी राहिला,
अजून पळायचे बूट घालूनच येतो.
यशोदा भोये पेठची, नर्सिंग अर्धं सोडून आलेली,
बोलते ती स्वतःच्या नखांशी.
भद्रकालीची निखत खूप हसते,
आणि काय झालं विचारलं
की जिन्यात जाऊन बसते.

केदारे मॅडम फारसं काही करत नाहीत.
खरं सांगतो.
मी अडकलो की थांबतात.
माझा शब्द माझ्या तोंडातून काढून घेत नाहीत,
जसा सगळे घेतात, मास्तर, मामा, दुकानदार,
‘गोडेतेल ना? घे.’
मला गूळ हवा असायचा.
गोडेतेल घेऊन घरी जायचो.

परवा म्हणाल्या, हजेरी तू घे.
पगारे बबन. हजर.
भोये यशोदा. हजर.
दुसऱ्यांची नावं काय सुरळीत निघतात!
बारावं माझं.
पंखा फिरत होता.
खाली कंपाउंडर कुणाला तरी
पांढरी गोळी सकाळी, पिवळी रात्री,
हे दोनदा समजावून मोकळा झाला.
बबननं घड्याळाकडे पाहिलं नाही.
सेकंदांचा मार खाल्लेला माणूस तो,
त्यानं पाहिलं नाही.
ग.
ग. गो.
मग उरलेलं, विहिरीतून बादली यावी तसं,
अर्धं सांडत.

आता हजर कुणी म्हणायचं?
मला तर दम लागलेला.
यशोदा म्हणाली,
नखांकडे न बघता.

त्याच संध्याकाळी निमाणीला
कंडक्टरनं विचारलं, कुठं?
आ तयारच होता, नेहमीसारखा, पुढं झालेला.
त्याला म्हटलं, बस जरा.
मागची बाई पिशवीसकट ढकलत होती,
कंडक्टर मशीनवर बोट आपटत होता,
कान तापले, घामही आला, सगळं तेच,
नवं काहीच नाही.
फक्त मी शब्द बदलला नाही.
चार तुकड्यांत निघालं गंगापूर,
शेवटचा तुकडा इतक्या मोठ्यानं
की दोन माणसं वळली.
तिकीट पाच रुपयांनी महाग.

आज लवकर कसा, आईनं विचारलं.
गाडी म्हणायला निघालो, अडकलो,
ती पोळपाटावर हात ठेवून थांबली.
तिला कुणी शिकवलं?

रात्री आठवलं,
सोमेश्वरच्या वळणावर एक काणं कुत्रं असतं,
माझ्या बिस्किटाला सोकावलेलं.
आज बस त्याच्यासमोरून गेली
आणि मी खिडकीत होतो.

शुक्रवारी तिकीट आनंदवलीचंच काढीन.
या खेपेला, चालायचं आहे म्हणून.