अक्रोड नाही ना?

शारजात, सजा इंडस्ट्रियलच्या मागच्या गल्लीत
दर गुरुवारी मी यंत्राच्या पिशव्या सोडतो.
आठवडाभर फुगून उभ्या असतात चौघी,
स्विच बंद केला की
एकदम खांदे पाडतात.

करवत, रंधामशीन, सँडर,
प्रत्येकाच्या तोंडाशी एक पाइप.
झडप उघडली की ओढ लागते,
भुसा जमिनीला शिवायच्या आत वर जातो.
पूर्वी इथे झाडू होता, आणि पाण्याची बाटली,
झाकणाला भोकं पाडलेली.
मग नगरपालिकेचा साहेब आला,
खिडकीवर बोट फिरवलं,
बोटाकडे पाहिलं,
महिन्याभरात यंत्र आलं.

पिशवी उघडली की कळतं, आठवडा कशात गेला.
सागवान हाताला तेलकट लागतो.
बीच म्हणजे गुलाबीसर पीठ, भाकरी थापावी असं.
एमडीएफला लाकडाचा वास नसतो, डोळे झोंबतात नुसते;
तोच सगळ्यांत बारीक, आणि तोच सगळ्यांत जास्त.
बाहेरची धूळ वेगळी. शमाल सुटला की
शटरखालून येते,
तिला झाड माहीत नाही.

कुडाळला आई भुशाची शेगडी भरायची:
मधोमध बाटली उभी धरून
भोवती भुसा ठासायची मुठीनं,
मग बाटली फिरवत फिरवत अलगद काढायची.
राहायचं ते भोक. त्यातून जाळ.
बाबांच्या दिवसभराच्या कामावर
रात्रीची पेज शिजायची.
परवा फोनवर विचारलंन, हल्ली काय करतंस थंय?
म्हटलं, धूळ गोळा करतंय.
"धूळ गोळा करूक इमानात बसान गेलंस?"
हसली. मीही.

चार वाजता दाद करीम पिकअप घेऊन येतो,
धैदच्या तबेल्यातून.
रंध्याकडची पिशवी तेवढी नेतो, घोड्यांखाली अंथरायला.
कोपरापर्यंत हात घालतो आत,
चिमूट काढून उन्हात धरतो, हुंगतो,
"अखरोट तो नहीं?"
अक्रोडानं घोड्यांचे खुर सुजतात.
एकदा चुकून थोडा गेला होता,
दोन रात्री मालक स्वतः तबेल्यात झोपला.
नाही, म्हणतो मी. गेल्या हप्त्यात होता.
त्या पिशव्या कचऱ्यात गेल्या.

गेल्या हप्त्यात अक्रोड रंधला, कापला, कोरला
नीळकंठ मेस्त्रीनं,
कुणाच्या तरी दिवाणखान्याच्या छतासाठी, चार दिवस,
पाइप पोचत नाही त्या कोपऱ्यातल्या राउटरवर.
तोंडाला गमछा.
रात्री खोकायला लागला की
वरच्या बंकवरून कुंजुमोन भिंतीला लाथ मारतो.
रुमाल तपकिरी, उशी तपकिरी.
म्हटलं, डॉक्टरला दाखव.
म्हणाला, सुताराच्या छातीत भुसा नाही तर काय
कापूस असणार?

आज फोरमनकडे सहा फूट पाइप मागितला.
तो म्हणाला, लिहून दे.
कागद नव्हता. प्लायच्या तुकड्यावर लिहिलं
पेन्सिलीनं: सहा फूट, चार इंची, एक कोपर.
अक्षरांवर बसलेली धूळ
फुंकर मारून उडवली,
मग बघत राहिलो, कुठे जाते.