मागचा ड्रम

सर्व्हर आला त्या दिवशी हत्तुरेसाहेबांनी नारळ फोडला,
पाणी खोक्यावर उडालं, ते मी ओढणीने टिपलं.
चौसष्ट जीबी मेमरी. नुसती डेटाबेससाठी,
दुसरा भाडेकरू ठेवायचा नाही, हे मीच लिहून दिलेलं.
खोली पूर्वी सुताचं गोदाम होती.
अजून पंख्याच्या पात्यांत तंतू गुंडाळला जातो,
महिन्याकाठी मी तो चिमट्याने काढते.

साहेब म्हणाले, स्वॅप किती ठेवायची?
मी वहीतलं उत्तर दिलं. मेमरीच्या दुप्पट.
मी शिकले तेव्हाच ती वही म्हातारी झालेली,
मेमरी चमच्याने मोजायचे त्या काळातली.
एकशे अठ्ठावीस जीबी. डिस्कचा एवढा मोठा तुकडा.

यंत्र पडलं नाही कधी. रांगत राहिलं.
यल्लव्वा कुडक्याल पासबुक घेऊन खिडकीशी उभी,
प्रिंटर अर्धी ओळ छापून थबकायचा.
"बाई, तुमचं मशिन जेवाय गेलं का?"
जेवायला कुठलं. आतलं पान डिस्कवर,
डिस्कवरचं पान आत,
रात्रंदिवस नुसती ने-आण.

मला राग आला, आणि मी स्वॅप शून्य केली.

एकतीस मार्च. रात्रीचे दोन चाळीस.
अक्कलकोट रोडच्या भिंतींतून दिवसाचं ऊन अजून निघत होतं.
साठ हजार खात्यांवर व्याज चढत होतं,
विड्या वळणाऱ्या बायकांची खाती, शंभर-दोनशेची शिल्लक,
आणि तेवढ्यात बॅकअप सुटला. वेळ मीच लावलेली.
जागा संपली.
अशा वेळी कर्नल फार बोलत नाही.
सगळ्यांत जास्त कोण खातंय, एवढंच बघतो
आणि त्याला मारतो.
सगळ्यांत जास्त तोच खात होता
ज्याच्यासाठी घर बांधलं होतं.

पैसा कुणाचा गेला नाही. अर्धवट चढलेलं व्याज
आपोआप उतरलं, पुन्हा शून्यापासून चढवलं.
पण लॉगमधली ती एक ओळ मी चारदा वाचली.
मयताच्या पाटीइतकीही लांब नव्हती.

पहाटे घरी आले तर नळ आलेला. पाचवा दिवस.
सासूबाई, नरसम्मा, पदर खोचून मोरीत.
आधी वरची टाकी. मग पिण्याचे हंडे, फडकं बांधून.
मग भांड्यांची बादली, पाहुण्यांसाठी एक कळशी वेगळी.
आणि शेवटी परसातला निळा ड्रम.
म्हटलं, अत्ता, सगळं ड्रममध्येच भरू की, केवढा मोठा आहे.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, धाग्याची गाठ चुकल्यावर बघतात तसं.
"मागच्या ड्रमवर घर चालवायचं नसतं गं.
पण तो कोरडा पण ठेवायचा नसतो."

त्या वर्षानुवर्षं दिवसाला हजार विड्या मोजत आल्यात,
त्यांचा हिशेब चुकत नाही.

दुसऱ्या दिवशी मी पाटी-पेन्सिलच घेतली.
बफरला चव्वेचाळीस.
दीडशे जोडण्या, प्रत्येकीच्या ताटात तीस एमबी, म्हणजे साडेचार.
(सगळ्या एकदम जेवायला बसत नाहीत,
पण मार्चअखेर बसतात.)
उरलं ते ऑपरेटिंग सिस्टिमला आणि बॅकअपला,
त्यांनाही श्वास लागतो, हे मी विसरले होते.
बॅकअप दोन तास पुढे ढकलला.
स्वॅप चार जीबी. ओढ एकवर,
म्हणजे अगदी नाइलाज झाल्याशिवाय तिकडे जायचं नाही,
आणि गेलं की माझा फोन वाजेल.

साहेबांना चार हा आकडा पटला नाही.
एवढ्या मोठ्या मशिनला एवढीशी?
नियम दाखवा, म्हणाले. कुठं लिहिलंय?
मी म्हटलं, साहेब, तुमच्याकडं पाणी कितव्या दिवशी येतं?
ते हसले नाहीत. सही केली.

आता रात्री झोपण्याआधी एकदा बघते:
वापरलेली स्वॅप, बारा एमबी.
सहा महिन्यांत एवढीच.
ड्रमवर झाकण आहे, झाकणावर वीट,
आणि मोरीतून सासूबाईंचा आवाज,
उद्या चौथा की पाचवा?