पान एकोणीस

हमदुलेभाऊ, चहा नंतर.
आधी पान एकोणीस काढा.
चष्मा गाडीत राहिला असेल तर माझा घ्या,
नंबर थोडा कमी पडेल.

मी सही केली ती शेवटच्या पानावर
आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात आद्याक्षरं, एकेचाळीस वेळा.
पोरानं विचारलं होतं, आई, वाचलंस का?
म्हटलं, एवढ्या जाड कागदावर खोटं कोण लिहील?

खोटं नाहीच लिहिलेलं.
तेच तर सांगायचंय तुम्हाला.
मसाला कंपनीचाच, असं लिहिलंय;
म्हणून हर्णैच्या बंदरापासून दोनशे पावलांवर
माझ्या कालवणात भोसरीचं पाकीट.
पाटी निळी, त्यांच्याच निळ्याची, दर दोन वर्षांनी,
रंगारीही त्यांचाच.
खारा वारा करारात नाही.
रंग उडाला तर कसूर माझा.

हद्द दिली होती, 'हर्णै व परिसर'.
आंजर्ल्याच्या पुलापलीकडे त्यांनीच दुसरं दुकान काढलं
तेव्हा कळलं,
परिसर खाडीला लागला की संपतो.

आता वाचा. मोठ्यानं वाचा.
करार संपल्यापासून दोन वर्षं
पंधरा किलोमीटरच्या आत
तत्सम वा मिळतीजुळती पाककृती
विकता येणार नाही.

मिळतीजुळती.
माझं कालवण त्यांच्याशी जुळतं की त्यांचं माझ्याशी,
हे मी दापोलीला केळसकर वकिलांना विचारलं.
ते हसले नाहीत.
म्हणाले, कोर्टात हे टिकायचं नाही बहुतेक.
पण टिकत नाही हे ठरवायला लवाद पुण्यात,
आणि लवाद नेमणार कंपनी.
किती फेऱ्या झेपतील ते आधी मोजा, बाई.

मी दुसरंच मोजायला गेले.
स्कूटर काढली, काटा बघितला,
पंधरा भरले दापोलीच्या अलीकडे, एका गॅरेजच्या दारात.
रस्त्यानं मोजायचे की कावळ्याच्या वाटेनं, ते लिहिलेलं नाही.
आणि पश्चिमेला?
पश्चिमेला सुवर्णदुर्ग मागे टाकला की
पंधरा पुरे होईपर्यंत नुसतं पाणी.
तिथेही मला कालवण विकायला मनाई,
सुरमईलासुद्धा.

पोरगा म्हणतो, दाखवू नकोस.
अठरा वर्षं कुवेतला काढलेला माणूस आहे,
तो काय वाचत नसेल?
पण तुम्ही आल्यापासून फ्रीजरच उघडून बघताय,
खुर्च्या मोजताय,
कागदाला अजून हात लावला नाहीत.
मीही तशीच आले होते.

पैसे मला हवेत. खोटं कशाला बोलू.
गल्ला चालतो, एप्रिल-मेमध्ये तर उभं राहायला जागा नसते.
तरी नाव बदलायचे दोन लाख कंपनीला,
आणि तिला तुम्ही पसंत पडला नाहीत
तर कारण सांगायला ती बांधील नाही.

खाली लिलाव सुरू झालाय, ऐकू येतोय?
तिथे सहीशिक्का नाही, बोललेला भाव तोच भाव.
साधेपणाचं कौतुक नको, तिथेही फसवतात,
वर ताजी पापलेटं, खाली कालचं बर्फातलं.
एवढंच, की टोपली उलटी करून बघता येते.

तर ही घ्या, केली उलटी.
आता चहा टाकते.
तोवर बावीसही वाचून काढा,
माझी थकबाकी तुमच्या नावावर कशी चढते, ते त्यात आहे.
साखर किती घालू?