शेरा

हिद्दच्या गोदीत मी हजेरीबाबू होतो, सन चौऱ्याऐंशी.
जहाजांच्या बुडाखाली उभं राहून कालवं खरवडणारी माणसं
माझ्या वहीत नावानं यायची नाहीत,
बिल्ल्याच्या आकड्यानं यायची.
चारशे सतरा म्हणजे जनू तांडेल, दाभोळचा.

वेल्डिंग असं की सांधा बोटाला लागू नये.
हात कापायचे ते सकाळी,
पहिला घोट पोटात जाईपर्यंत.
आम्हाला त्याची मजा वाटायची.
"जनूशेठ, टाकी फुल्ल का?"
आणि पगाराच्या रात्री त्याच्याच पैशानं आम्हीही.
रात्री दहापर्यंत पिणं ही मर्दानगी,
दहानंतर तीच घाण.
रेघ कुणी मारली होती ठाऊक नाही,
जनूला ती कधी दिसली नाही.

एका पहाटे तो परातीखाली सापडला,
उशाशी कलोनची रिकामी बाटली.
साहेबासाठी मी इंग्रजीत चार ओळी लिहिल्या.
समासात, लाल शाईनं, माझ्यापुरतं:
वाया गेला.
नासलेल्या दुधाबद्दल बोलतात तसं.

खोलीनं वर्गणी काढून त्याला घोंगडी दिली, रेडिओ दिला.
रिकाम्या हातानं उतरला तर धक्क्यावर कळेल ना.
सगळ्यांचं ठरलं होतं काय सांगायचं:
हवा मानवली नाही.
त्याच्या बायकोचं पत्र आलं, मलाच,
"यांना तिकडे कावीळ झाली होती का?"
हो, म्हणून कळवलं.
पुढं पत्र आलं नाही.

मी नीटनेटका प्यायचो. इस्त्रीच्या शर्टात.
बिल्ल्याच्या जागी टाय असला
की लोक त्याला कामाचा ताण म्हणतात.
पंचवीस वर्षं म्हणाले.
मग एक दिवस ऑफिसच्या बेसिनमध्ये रक्त,
आणि समोर शीबा कुरियन, माझ्या मुलीच्या वयाची,
तिच्या हातात फॉर्म, फॉर्मवर एक चौकोन: आजार.
तिनं खुर्ची ओढून दिली. ओरडली नाही.
मला राग आला तो त्याचाच.

आता शुक्रवारी गुदैबियात, शिंप्याच्या दुकानावरची खोली.
स्टीलच्या थर्मासात चहा, साखर नेहमी जास्त.
एक पठाण ड्रायव्हर, एक फिलिपिनो नर्स,
एक इथलाच माणूस, जो दार लागल्यावरच डोक्यावरचा रुमाल काढतो.
मोडकीतोडकी हिंदी सगळ्यांची.
पाळी आली की म्हणायचं, मी मोरेश्वर, आणि मी...
पुढचा शब्द मराठीत शोधला.
बेवडा. दारुडा. पिदाडा.
बाकी एक मद्यासक्त, तो सरकारी फायलीतून उठून आलेला.
आमच्या भाषेत या आजाराला अजून शिवीच आहे.
मी हिंदीत सांगून टाकलं.

तिथं एक पोरगा येतो, तन्मय, सव्वीसचा.
फोन टेबलावर, स्पीकर चालू,
चिपळूणहून आई ओरडून सांगते:
"शंभर दिवस झाले रे! शिरा केलाय, आळीत वाटला!"
आळीत!
मी चहाचा पेला खाली ठेवला.
आनंद झाला म्हणू की
चाळीस वर्षं उशिरा आलेल्या बोटीकडे पाहावं
तसं काही?

मला नऊ वर्षांचा बिल्ला मिळाला. गोल, हलका.
मागे वळवून पाहिला,
आकडा नऊच होता.

गेल्या महिन्यात तीन ठिकाणी विचारून दाभोळचा नंबर मिळवला.
जनूच्या नातवानं उचलला.
आजोबा कधीच गेले, म्हणाला, मी पाहिलेसुद्धा नाहीत.
"त्यांना तिकडची हवा मानवली नव्हती, हो ना काका?"
हो म्हणायला तोंड उघडलं होतं.
सवयीनं उघडतं.

"नाही," म्हटलं.
"तू कुठे आहेस आत्ता? बस जरा.
वेळ आहे तुला?"