स्कोप

ओजस, तू विचारलंस, काका, यात स्कोप आहे का?
व्हॉइस मेसेज होता. मागे शृंगारतळीच्या नाक्यावरचा
रिक्षांचा कलकलाट आला,
म्हणून दोनदा ऐकला.

सांगतो. पण आधी खोलीचं सांगतो.
सोहार, बंदराकडे जाणारा रस्ता, दुसरा मजला,
सहा माणसं, तीन देश, एक खोकणारा एसी.
रात्री दहाला दिवा बंद. टेकबहादुरची पहाटेची पाळी असते.
मग वरच्या बंकवर चादरीच्या आत
मी लॅपटॉप उघडतो.
रुहुलच्या चुलतभावाचा, बावीस रियालला घेतलेला.
त्याचं एसचं बटण निखळलंय.
खाली रबराचा कोंब उरलाय, तो नखाने दाबायचा.
तुला कळेलच पुढे,
क्लासमध्ये एस दोनदा येतो.

दिवसभर फोर्कलिफ्ट. टाइल्सचं गोदाम.
बाहेर सत्तेचाळीस, आत मोजत नाहीत.

जिद्द कुठून आणता, असंही विचारलंस.
जिद्दबिद्द नाही रे.
पगाराच्या चिठ्ठीवर अकरा वर्षं माझं नाव मेगासम येतंय.
दोनदा सांगितलं, मग सोडून दिलं.
पहिल्या रात्री मी पडद्यावर लिहिलं मेघश्याम,
मोठ्या अक्षरात, लाल,
आणि ते तसंच आलं. काना, मात्रा, घ, सगळं.
खाली कुणीतरी घोरत होतं.
मी ते नाव बराच वेळ बंद केलं नाही.

बाकी मग चुकाच.
शाळेत अर्धविराम चुकला की अर्धा गुण जायचा,
इथे अख्खी रात्र जाते.
एकदा दोन गेल्या.
तिसऱ्या रात्री सापडला, तर हसू आलं,
आणि खालून रुहुल म्हणाला, घरून फोन आला का?

खलफानचं दिशदाशा शिवायचं दुकान आहे, मासळीबाजाराच्या मागे.
त्याला पान हवं होतं. मापं, कापड, दर, नकाशा.
मी केलं. त्याने फोन लांब धरला, चष्मा वर केला,
म्हणाला, छान आहे, पण हे तुमच्या बाजूने चालतंय,
आमच्या बाजूने चालव.
घरी येऊन शोधलं. एक ओळ होती फक्त.
ती लिहिली आणि सगळं पान
झोपेत कूस बदलावी तसं
उजवीकडून वाहू लागलं.
बटणं, चित्रं, दर, सगळे आपापल्या जागी उलटे
आणि बरोबर.
असं काही मी स्वतःच्या हातांनी केलेलं
यापूर्वी पाहिलं नव्हतं.
तीस रियाल मिळाले. त्यातले दहा उधारीत गेले.

आता स्कोप.
चौदा अर्ज केले. उत्तरं दोन.
एकाने डिग्री विचारली, एकाने वय.
मस्कतला एक मुलाखत झाली, सुट्टी काढून, बसने, इस्त्रीचा शर्ट.
समोरचा पोरगा तुझ्याहून तीनेक वर्षांनी मोठा.
त्याने विचारलेलं निम्मं येत होतं.
उरलेलं निम्मं येताना बसमध्ये
तिकिटाच्या मागे लिहून आणलं.
पुढच्या महिन्यात त्यातलं निम्मं आलं.
हा हिशोब कधी पुरा होणार नाही, दिसतंच आहे.

आणि हो, आता मशीनच कोड लिहितं म्हणतात.
लिहीत असेल.
फोर्कलिफ्ट आली तेव्हा गोदामातले हमालही हेच बोलत होते.
त्यातले चार घरी गेले.
एकाने चावी मागून घेतली.
तो मीच, असं सांगून मोठेपणा मिरवत नाही,
चावी मागताना पाय कापत होते.

मार्चमध्ये माझा व्हिसा संपतो.
कंपनी नवा करील, किंवा नाही.
तोपर्यंत कुन्हिमोनच्या हॉटेलचा मेन्यू करायचाय,
पैसे नाहीत, रोज संध्याकाळी करक आणि पराठा.
याला करिअर म्हणायचं का, ते तू ठरव.

म्हणजे तुझ्या प्रश्नाला उत्तर नाही माझ्याकडे.
तुझ्या लॅपटॉपला सगळी बटणं आहेत ना?
मग आज रात्री नाव लिही तुझं.
लाल नको, लाल मी घेतलाय.
आणि पाठव.
चुकलेलं असलं तरी पाठव, दहानंतर मी जागाच असतो.